नृत्य करणाऱ्या मुलीचे केस: अंबाडा नीट बसावा, पण मुळांना ताण नको

डिसेंबर-जानेवारी आला की शाळांची स्नेहसंमेलने, नृत्याच्या परीक्षा आणि क्लासचे वार्षिक कार्यक्रम एकामागून एक सुरू होतात. घरोघरी पोशाख, घुंगरू, दागिने यांची जमवाजमव होते आणि शेवटी प्रश्न येतो केसांचा. रंगमंचावरच्या दिव्यांत एक बट जरी सुटलेली असली तरी लांबून दिसते. म्हणून आई, ताई, मेकअप करणाऱ्या बाई, सगळ्याच केस चापूनचोपून, घट्ट ओढून बांधतात. मुलगी "दुखतंय" म्हणते. तिला उत्तर मिळते, "थोडा वेळ सहन कर, नाहीतर स्टेजवर सुटेल."

हा "थोडा वेळ" किती असतो, हे कधी मोजून पाहिले आहे का? होटगीसारख्या गावातून सोलापूरला कार्यक्रमासाठी जाणाऱ्या मुलीचे उदाहरण घ्या. कार्यक्रम संध्याकाळी सातला हुतात्मा स्मृती मंदिरात. केस दुपारी तीनलाच घरी बांधलेले. मग प्रवास, मेकअप, पोशाख, आपला नंबर येईपर्यंत थांबणे, नाच, फोटो, बक्षीस समारंभ आणि रात्री परतीचा प्रवास. मुलगी गाडीतच झोपते आणि अंबाडा बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी सकाळी सुटतो. नाच दहा मिनिटांचा, केसांच्या मुळांवरचा ताण मात्र पंधरा-सोळा तासांचा.

वर्षातून एकदा असे झाले तर सहसा काही बिघडत नाही. पण क्लास, तालीम, परीक्षा आणि कार्यक्रम मिळून वर्षानुवर्षे असेच केस ओढून बांधले, तर कपाळावरची केसांची रेषा मागे सरकू लागते. हे वेळीच ओळखले तर केस परत येतात. उशीर झाला तर येत नाहीत. म्हणूनच केस नीटनेटके कसे बांधायचे आणि मुळांना कसे जपायचे, हे या लेखात एकत्र सांगत आहे.

उवांचे औषध तीनदा लावले, तरी लिखा जाईनात

पुढचे उदाहरण अनेक रुग्णांच्या अनुभवांवरून जुळवलेले आहे, ते कोणा एकीचे नाही. आठवीतली मुलगी. सहाव्या वर्षापासून भरतनाट्यम शिकते. आई तिला घेऊन येते ती उवांच्या तक्रारीसाठी. कपाळाजवळच्या केसांवर पांढरे ठिपके दिसतात, उवांचे औषध तीनदा लावून झाले, फणी फिरवली, तरी "लिखा" जात नाहीत. वर्गात मैत्रिणी शेजारी बसत नाहीत म्हणून मुलगी रडकुंडीला आलेली असते.

नीट पाहिले तर त्या लिखा नसतात. केस सतत ओढले गेले की मुळाभोवतीच्या आवरणाचा थोडा भाग पांढऱ्या नळीसारखा केसाबरोबर वर येतो. याला 'हेअर कास्ट' म्हणतात. घरी फरक ओळखायची सोपी खूण अशी: लीख केसाला एका बाजूने घट्ट चिकटलेली असते, बोटाने सरकवली तरी हलत नाही. हेअर कास्ट मात्र केसाभोवती सैल असते, चिमटीत धरून ओढले की केसावरून सहज टोकाकडे सरकते.

अशा मुलीचे केस मागे घेऊन पाहिले की दोन्ही कानशिलांजवळ केस विरळ झालेले दिसतात. आईला वाटत असते, "हिचं कपाळ जन्मापासूनच मोठं आहे." पहिलीतला फोटो काढून शेजारी धरला की फरक कळतो. उवांचे औषध अशा वेळी कामाचे नसते. केस बांधायची पद्धत बदलावी लागते.

ताणामुळे केस का जातात?

आपल्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. प्रत्येक केस त्वचेतल्या एका छोट्या पिशवीतून, म्हणजे केशमुळातून उगवतो. तो काही वर्षे वाढतो, महिन्याला साधारण 1 सेंटिमीटर. मग वाढ थांबते, सुमारे तीन महिने तो विश्रांती घेतो आणि गळतो. त्याच जागी नवा केस येतो. त्यामुळे दिवसाला 50 ते 100 केस गळणे हे नैसर्गिक आहे.

केस सतत ओढलेला राहिला की या चक्रात अडथळा येतो. केशमुळाभोवती सूज येते, लाली आणि बारीक पुळ्या दिसतात. वाढीच्या अवस्थेतले केस वेळेआधी विश्रांतीच्या अवस्थेत जातात. पुढे तिथून येणारा केस पूर्वीपेक्षा बारीक आणि आखूड येतो. इथपर्यंत सगळे भरून निघू शकते. पण ताण वर्षानुवर्षे चालू राहिला तर केशमूळ नष्ट होते आणि त्या जागी व्रण तयार होतो. तिथे मग ना तेल उपयोगी पडते, ना औषध.

या आजाराला 'ट्रॅक्शन अॅलोपेशिया' म्हणतात, म्हणजे ताणामुळे होणारी केसगळती. तो नवा नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच ग्रीनलंडमधल्या, केस घट्ट ओढून बांधणाऱ्या स्त्रियांमध्ये तो डॉक्टरांनी नोंदवला होता. पगडीखाली केसांची घट्ट गाठ बांधणारे शीख पुरुष, बारीक घट्ट वेण्या घालणाऱ्या आफ्रिकी वंशाच्या स्त्रिया, बॅले नर्तिका यांच्यातही तो आढळतो. म्हणजे दोष अंबाड्याचा नाही आणि नृत्याचाही नाही. दोष ओढण्याचा आहे.

आपल्या नृत्यप्रकारांत ताण कुठे येतो?

• भरतनाट्यम: लांब वेणी, तिच्यात मिसळलेले गंगावण, टोकाला गोंडे, डोक्याच्या मागे राकडी, भांगावर पट्टी, बाजूला सूर्य-चंद्र आणि वर गजरे. होटगी परिसरातल्या कानडी बोलणाऱ्या घरांत या वेणीला 'जडे' म्हणतात. हे सगळे वजन शेवटी मुलीच्या स्वतःच्या केसांवरच लटकते. काही जणी वेणी हलू नये म्हणून ती कमरपट्ट्यात अडकवतात. तिथे ढील ठेवली नाही तर मान वळवताना प्रत्येक वेळी झटका बसतो.

• कथक: अंबाडा किंवा वेणी. चकरा घेताना काही सुटू नये म्हणून केस जास्तच आवळले जातात.

• लावणी: मानेवर मोठा, भरदार अंबाडा आणि त्यावर गजऱ्यांचे थर. केस आखूड असतील तर तयार अंबाडा लावतात. तो थोड्याशा केसांच्या आधाराने लावला तर तेवढ्याच केसांवर सगळा भार येतो.

• शाळेतली समूहनृत्ये: इथे धोका वेगळा. चाळीस मुलींचे केस दोघी-तिघींनी बांधायचे असतात. घाई असते, कंगवा एकच असतो आणि आखूड केससुद्धा ओढून-ओढून रबरात कोंबले जातात.

स्टेजसाठी केस कसे बांधावेत?

यातली मुख्य गोष्ट लक्षात ठेवा. केस गुळगुळीत दिसतात ते जेल, कंगवा आणि जाळीमुळे. अंबाडा टिकतो तो नीट लावलेल्या आकड्यांमुळे. या दोन्ही कामांसाठी ताणाची गरज नाही. ओढून बांधलेला अंबाडा जास्त टिकतो हा समज चुकीचा आहे. उलट, मुलीला दुखले की ती सारखा हात लावते आणि मग तो सुटतो.

1. आदल्या दिवशी केस धुवा. कार्यक्रमाच्या दिवशी ओले केस बांधू नका. ओला केस जास्त ताणला जातो आणि लवकर तुटतो. त्या दिवशी भरपूर तेलही नको. तेलकट केसांवर आकडे घसरतात, जेल बसत नाही आणि मग आपण आणखी आवळतो.

2. गुंता खालून वर सोडवा. आधी टोके, मग मधला भाग, शेवटी मुळांजवळ. मोठ्या दातांचा कंगवा घ्या. एका हाताने केस मुळापाशी धरून ठेवले तर झटका डोक्याला बसत नाही.

3. कापड गुंडाळलेले रबर वापरा. बारीक, उघडे रबर केस कापते. सगळे केस एकदम एकाच रबरात ओढण्यापेक्षा आधी मागचा अर्धा भाग सैलसर बांधा आणि मग पुढचे केस आणून त्यात मिळवा. पुढच्या नाजूक केसांवरचा भार यामुळे कमी होतो.

4. आता केस गुळगुळीत करा. तळहातावर थोडे जेल घेऊन केसांवरून फिरवा आणि बारीक दातांच्या कंगव्याने वरच्या वर बसवा. कपाळावरची बारीक लव कधीच रबरात ओढू नका. जुन्या स्वच्छ टूथब्रशला जेल लावून ती हलकेच मागे वळवा. एवढ्याने ती बसते.

5. भुवया वर करून पाहा. हीच खरी परीक्षा. मुलीला भुवया वर करायला, डोळे गच्च मिटायला आणि मान खाली घालायला सांगा. कपाळाची कातडी ओढल्यासारखी वाटली, डोळे तिरपे दिसले किंवा केसांच्या मुळाशी त्वचा तंबूसारखी उचललेली दिसली, तर रबर सैल करा. आणि मुलीला विचारा. ती "दुखतंय" म्हणाली तर ते नखरे समजू नका. पाहणाऱ्याला जे दिसत नाही ते तिला जाणवत असते.

6. अंबाडा गुंडाळा, जाळी लावा, मग आकडे. आकडा आधी अंबाड्याच्या कडेचे थोडे केस धरेल असा बाहेरच्या दिशेने घाला, मग वळवून आत, अंबाड्याच्या मध्याकडे सरकवा. असे सहा-आठ आकडे चारही बाजूंनी लावले की अंबाडा चकरांतही हलत नाही. टोकावरचे प्लास्टिक निघालेले आकडे फेकून द्या, ते डोक्याला ओरखडे काढतात.

7. गंगावण अंबाड्याला किंवा वेणीला बांधा, कपाळाजवळच्या केसांना नाही. ते वेणीच्या तिन्ही पदरांत सारखे वाटून घ्या. शक्य तितके हलके निवडा. लहान मुलींसाठी लोकरीचे किंवा कापडाचे हलके गोंडे पुरतात. वेणी कमरपट्ट्यात अडकवणार असाल तर मान दोन्ही बाजूंना पूर्ण वळेल आणि खाली वाकेल इतकी ढील ठेवा.

8. गजरा शेवटी माळा. मोगरा, अबोली, शेवंती काहीही चालेल, पण भिजवून जड झालेला गजरा नको. दोन थर पुरे असतील तर चार नकोत.

9. एकदा पूर्ण शृंगारासह दहा मिनिटे नाचून पाहा, तेही कार्यक्रमाच्या काही दिवस आधी. काय सुटते ते तेव्हाच कळते. मग ऐनवेळी घाबरून आवळायची पाळी येत नाही.

होटगीहून किंवा आसपासच्या गावांतून जाणार असाल तर घरून साधी सैल वेणी घालून निघा. जेल, जाळी, आकडे पिशवीत घ्या आणि अंबाडा तिथे पोहोचल्यावर, नंबर येण्याच्या तासभर आधी बांधा. या एका बदलाने ताणाचे कितीतरी तास कमी होतात.

केस आखूड असतील तर

पहिली-दुसरीतल्या मुलींचे केस मानेपर्यंतच असतात. ते ओढून अंबाडा करण्याचा हट्ट धरू नका. जेलने केस मागे बसवा, वर जाळी लावा आणि हलका तयार अंबाडा आकड्यांनी अनेक ठिकाणी अडकवा. समूहनृत्य बसवणाऱ्या शिक्षकांनी ओढणी, टोपी, फेटा किंवा कापडी पट्टी असा पर्याय निवडला तर लहान मुलींचे हाल वाचतात. मोठ्या स्त्रियांमध्ये केस फारच विरळ झाले असतील तर चांगल्या बसणाऱ्या टोपाचा विचार करा. मात्र तो गोंदाने कपाळाला चिकटवणे टाळा.

स्प्रे, रंग आणि गोंद वापरताना

हेअर स्प्रे ज्वालाग्राही असतो. रंगमंचावर नटराजापुढे समई किंवा निरांजन पेटवलेले असते, विंगेतही उदबत्ती असते. स्प्रे त्यांच्यापासून दूर, मोकळ्या हवेत मारा आणि पूर्ण वाळल्याशिवाय दिव्याजवळ जाऊ देऊ नका. मारताना मुलीचे डोळे हाताने किंवा रुमालाने झाका. दमा असलेल्या मुलीजवळ, बंद मेकअप खोलीत स्प्रे मारूच नका. त्याने धाप लागू शकते.

विरळ केस काळे दिसावेत म्हणून काही जणी कार्यक्रमाआधी घाईने काळा हेअर डाय लावतात. बऱ्याच काळ्या डायमध्ये पीपीडी नावाचे रसायन असते. त्याची अॅलर्जी असेल तर खाज, पाणी सुटणारे फोड आणि डोळ्यांभोवती सूज येते. लहान मुलांना डाय लावू नका. मोठ्यांनीही आधी कानामागे थोडासा लावून 48 तास वाट पाहावी. कृत्रिम केस किंवा टिकल्या चिकटवायच्या गोंदानेही असाच त्रास होऊ शकतो. रसायनांनी सरळ केलेले केस ओढून बांधले तर ते साध्या केसांपेक्षा लवकर तुटतात, हेही लक्षात असू द्या.

समूहनृत्यात प्रत्येकीचा कंगवा वेगळा हवा. उवा आणि डोक्याचा नायटा सामायिक कंगव्यातून, टोपांतून आणि गंगावणांतून पसरतात. भाड्याने आणलेले गंगावण थेट डोक्याला लावू नका. धुता येत असेल तर आधी धुवून उन्हात वाळवा.

कार्यक्रम झाल्यावर

नाच झाला, फोटो झाले, की लगेच, गाडीत बसण्याआधी केस सोडा. अंबाड्यासह झोपू देऊ नका. आधी गजरे काढा, मग आकडे एकेक करून काढा. लावताना मोजले असतील तर एखादा केसांत राहून जात नाही.

जेल वाळून केस कडक झाले असतील तर कोरडा कंगवा घालू नका. आधी पाण्याने किंवा थोड्या खोबरेल तेलाने केस मऊ करा, बोटांनी मोकळे करा आणि दुसऱ्या दिवशी सौम्य शाम्पूने धुवा. बोअरच्या क्षाराच्या पाण्याने शाम्पूला फेस येत नाही आणि केस राठ होतात. शेवटचे पाणी तरी साधे, पिण्याचे वापरता आले तर बरे. त्यानंतर दोन-तीन दिवस केस मोकळे किंवा सैल वेणीत ठेवा.

तालमीच्या दिवशी स्टेजसारखा अंबाडा लागत नाही. सैल वेणी पुरते. रोज एकाच जागी, उंच बांधू नका. आज मानेजवळ, उद्या थोडे वर, असे बदलत राहा. शाळेसाठी दोन घट्ट वेण्या आणि संध्याकाळी क्लासला घट्ट अंबाडा असेल, तर मुळांना दिवसभरात विसावाच मिळत नाही.

केस बांधल्यावर डोके का दुखते?

केस ओढल्याने होणारी डोकेदुखी खरी असते. डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात तिला स्वतंत्र स्थान आहे. केसांना संवेदना नसते, पण मुळांभोवतीच्या आणि टाळूच्या आवरणातल्या नसांना असते. अशी डोकेदुखी केस बांधलेले असतानाच सुरू होते आणि सोडल्यावर साधारण तासाभरात थांबते. त्यासाठी वेदनाशामक गोळी देण्याची गरज नसते. ताण सोडणे हाच उपचार आहे.

केस सोडल्यावरही डोके दुखत राहिले, उलटी झाली, उजेड सहन होईना, तर ती अर्धशिशी असू शकते. तालमीत जेवण चुकणे, पाणी कमी पिणे, जागरण यांनीही ती उफाळते. सोलापूरच्या उन्हात तर पाण्याची बाटली आकड्यांच्या डबीइतकीच आवश्यक आहे.

सगळी केसगळती ताणामुळे नसते

• कपाळाची कड आणि कानशिलांजवळ विरळ केस, पण अगदी पुढच्या टोकाला बारीक लवेची किनार शिल्लक: ताणामुळे होणारी केसगळती.
• एखादा गोल, गुळगुळीत, न खाजणारा चट्टा: चाई.
• कोंड्यासारखे पापुद्रे, खाज, तुटलेले केस: डोक्याचा नायटा. याला पोटातून औषध घ्यावे लागते, नुसते मलम पुरत नाही.
• संपूर्ण डोक्यावरून मूठभर केस गळणे: दोन-तीन महिन्यांपूर्वी आलेला मोठा ताप, बाळंतपण, उपाशी राहून वजन घटवणे किंवा रक्तक्षय.

शेवटचा मुद्दा नृत्य करणाऱ्या मुलींसाठी महत्त्वाचा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (2019-21) देशातल्या 15 ते 19 वयाच्या सुमारे 59 टक्के मुलींना रक्तक्षय आहे. पाळी सुरू झालेली, रोज दोन तास नाचणारी आणि "पोशाखात जाड दिसेन" म्हणून रात्रीचे जेवण टाळणारी मुलगी केस तर गमावतेच, दमही गमावते. हिमोग्लोबिन तपासून घ्या. ज्वारी-बाजरीची भाकरी, डाळ, मोडाची मटकी, पालेभाजी, शेंगदाण्याची चटणी, अंडी किंवा मांस चालत असेल तर तेही, आणि ताटात लिंबाची फोड असू द्या. जेवणाला लागून चहा नको, त्याने लोह कमी शोषले जाते. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी फेकून न देता जेवणानंतर घ्यायला सांगा.

निदान आणि उपचार

त्वचारोगतज्ज्ञ केस कसे बांधता, किती तास, किती वर्षे, हे विचारतात आणि भिंगासारख्या डर्मोस्कोपने टाळू पाहतात. बहुतेकदा एवढ्यावर निदान होते. जुने फोटो सोबत न्या, त्यांचा उपयोग होतो. क्वचित त्वचेचा छोटा तुकडा तपासावा लागतो.

सुरुवातीच्या टप्प्यात ताण थांबवणे हाच मुख्य उपचार आहे. पुळ्या किंवा सूज असेल तर डॉक्टर काही दिवसांसाठी मलम किंवा औषध देतात. गरज वाटली तर मिनॉक्सिडिल सुचवतात. ते स्वतःच्या मनाने दुकानातून आणून लहान मुलींना लावू नका. नवे केस दिसायला काही महिने लागतात, म्हणून दर दोन महिन्यांनी त्याच उजेडात एक फोटो काढून ठेवा. जुन्या, गुळगुळीत, व्रण झालेल्या जागेवर औषधाने केस येत नाहीत. मोठ्या वयात केसरोपणाचा पर्याय असतो, पण तो खर्चिक आहे आणि ताण चालूच राहिला तर तोही वाया जातो.

डॉक्टरांना कधी दाखवावे?

• कपाळाची रेषा जुन्या फोटोपेक्षा मागे गेलेली दिसली
• केसांच्या कडेला पुळ्या, पू, खपल्या किंवा मानेत गाठी आल्या
• उवांच्या औषधाने न जाणारे पांढरे ठिपके दिसले
• ताण बंद करून तीन-चार महिने झाले तरी फरक नाही
• डाय किंवा गोंदानंतर चेहरा सुजला. श्वास घ्यायला त्रास होत असेल तर थांबू नका, ताबडतोब रुग्णालय गाठा.

होटगी परिसरातल्या कुटुंबांना सोलापूरचे सिव्हिल, म्हणजे श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय जवळ आहे. तिथे त्वचारोग विभाग आहे.

पालकांचे नेहमीचे प्रश्न

नृत्य बंद करावे का? अजिबात नाही. फक्त केस बांधण्याची पद्धत बदला. नृत्यगुरूंशी मोकळेपणाने बोला. तालमीला सैल वेणी चालेल का, एवढे विचारले तरी पुरे.

तेल लावून केस परत येतील का? तेलाने केस मऊ राहतात आणि कमी तुटतात. मुळावरचा ताण त्याने कमी होत नाही. जोरात चोळून मालिश केली तर उलट त्रास होतो.

एकदा गोटा केला तर दाट येतील का? नाही. कापलेल्या केसाचे टोक बोथट असल्याने तो जाड वाटतो, इतकेच. केशमुळांची संख्या बदलत नाही.

फार सैल बांधले आणि स्टेजवर सुटले तर? जाळी, सहा-आठ आकडे आणि एक पूर्ण तालीम, एवढे असेल तर सहसा सुटत नाही. आणि एखादी बट सुटलीच, तर ती दुसऱ्या दिवशी कोणाच्या लक्षातही नसते. मागे सरकलेली केसांची रेषा मात्र मुलीला पुढे कायम आरशात दिसत राहते.

पुढच्या कार्यक्रमाला केस बांधताना तुमची मुलगी "दुखतंय" म्हणाली, तर हात थांबवा. रबर एक वेढा सैल करा, जेलचा हात फिरवा आणि तिला पुन्हा भुवया वर करायला सांगा. ती सहज हसली की समजा, अंबाडा बरोबर बसला आहे.